लाइनवाल्यांचा उंबरा

गल्लीत त्याला सगळे 'लाइनवाले' म्हणत. होता तो ड्रेनेज खात्यातला साधा ड्राफ्ट्समन, साहेबांनी ठरवलेल्या गटारांचे नकाशे काढणारा. पण गल्लीच्या लेखी शहराची सगळी घाण त्याच्याच परवानगीने वाहायची. मोरी तुंबली की पहिली हाक त्याला, मग सफाईवाल्याला.

आणि मोरी तर तुंबायचीच. गल्ली सखल, जुनी लाइन बारीक, आणि वरच्या अंगाला माळावर इमारतींमागून इमारती उठत होत्या. तिकडच्यांनी अंघोळी उरकल्या की इकडे मोरीतून काळं पाणी उलटं वर यायचं. कंटाळून एकेकाने घरात भर घातली, फरशी उंच केली. पण घाण काही हवेत विरत नाही, ती शेजारच्या ठेंगण्या घरात शिरते. होता होता ठेंगणी अशी दोनच घरं उरली, लाइनवाल्यांचं आणि शेजारच्या मावशीचं.

"अहो, आपणही भर घालून घेऊ," बायको म्हणायची. "पलंगाखाली विटा लावून लावून जीव मेटाकुटीला आला माझा."

"वेडी का तू? उपनगरांसाठी नवी मोठी लाइन येतेय. नकाशा माझ्याच हातात आहे. घोडामैदान जवळच आहे."

मावशीने बोलावलेला गवंडीही यानेच परत पाठवला होता. मावशी एकटी, याला पोटच्या पोरासारखं मानायची. "तू म्हणतोस ना, मग झालं," एवढंच ती म्हणाली.

मोठ्या लाइनीला आपली गल्ली जोडणारी ती बारीक रेघ त्याने स्वतः काढली होती. रोज कामाला बसला की आधी तीच बघायचा. बरं वाटायचं त्याला.

एके दुपारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. "वाटेत कातळ लागलाय. इतकं खोल खोदणं परवडायचं नाही. लाइन वर उचला."

लाइन वर गेली की गल्ली तिच्या खाली राहणार. "आणि ही खालची गल्ली, साहेब?"

"तिला पंप लागेल. एवढ्याशा घरांसाठी पंप कोण देतो? दुसऱ्या टप्प्यात बघू. तुटक रेघ मारून ठेवा."

"मी तिथेच राहतो, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाणी चढाला लावता येत नाही हो," तो हळूच म्हणाला.

हे काय याला ठाऊक नव्हतं? त्याने जागेवर येऊन रेघ तुटक केली. लहान मुलाला 'उद्या देते हं' सांगतात ना, खात्यातला दुसरा टप्पा तसाच असतो. असे 'उद्या' त्याने आजवर कितीतरी गल्ल्यांच्या वाट्याला काढले होते, आणि कधी त्याचा हात अडखळला नव्हता.

घरी आला तेव्हा बायको विटाच सरकवत होती. "उद्या गवंड्याला बोलाव," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. हेच शब्द ऐकायला ती वर्षानुवर्षं आसुसली होती, पण आता तिला आनंद झाला नाही. "नाही येत ना लाइन?"

त्याने मान हलवली.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा," ती म्हणाली. म्हणाली थट्टेनेच, पण बोलता बोलता रडू लागली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि मावशी?"

वाटभर तो तेच घोकत आला होता. आपली फरशी वर गेली की सगळ्या गल्लीची घाण एकाच घरात जाणार. "सांगतो त्यांना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दारात मुरमाचा ढीग पडला. मावशी भिंतीला धरून बाहेर आली.

"काय रे, लाइन येतेय ना? मग भर कशाला घालतोस?"

सगळं वाक्य त्याने जुळवून ठेवलं होतं. पण तोंडी भलतंच आलं. "येतेय मावशी, पण... उशीर आहे. तुम्हीही भर घालून घ्या."

"उशिरा का होईना, येतेय ना?" मावशी हसली. "मग मी थांबते. नकाशा तुझ्या हातात असताना मला कसली घाई?"

आत गवंडी फरशी ठोकून बघत होता. "किती उंच करायचं, साहेब?" त्याने विचारलं.

मावशी अजून आपल्या दारातच उभी होती, आणि लाइनवाल्याला तिच्या उंबऱ्याकडे बघवत नव्हतं.