उशिरा उगवणारा ठिपका

फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होते. पलीकडून शैलाताईंच्या कॉलेजातल्या एक बाई बोलत होत्या. "वहिनी, ताई गेल्या..." एवढंच म्हणाल्या. खरं सांगते, मला आधी रागच आला. परवाच तर यवतमाळला दवाखान्यात ताईंना भेटून आले होते. तेव्हा ही बाई खाटेवर पडल्या पडल्या मलाच दटावत होती, "माही राख धुऱ्यावर टाकू नोका हं. खार असते तिच्यात. माह्या पोरायले चालत नाही." आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. आणि पोरं म्हणजे कोण, तर माझ्या बिनलग्नाच्या नणंदेचे धुऱ्याच्या मातीतले सूक्ष्मजीव! स्वतःच्या तोंडात घोटभर पाणी जात नव्हतं, पण त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी सुटत नव्हती.

शैलाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून शिकायला यवतमाळला गेल्या आणि मातीतल्या जिवांचा अभ्यास करत तिथल्याच कॉलेजात शिकवू लागल्या. त्यांच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी बुरशी लागलेल्या काचेच्या बशा असायच्या. पाहुणे चहा नको म्हणायचे, ते काय उगीच? मी एकदा चिडवलं, "ताई, एखाद दिवशी भाजीत पडन ना हे." तर गंभीरपणे म्हणाल्या, "झाकण पक्कं आहे. तुमच्या लोणच्याचा वास आत गेला नाही म्हणजे मिळवली."

आमच्या वावरात त्या काळात सालोसाल तुरीला मर लागायची. फुलावर आलेलं, डोळ्यांत भरणारं झाड बघता बघता मान टाकायचं आणि उभ्यानं वाळायचं. जीव तुटायचा. गजाननराव, म्हणजे आमचे हे, तूर कायमची बंद करायच्या गोष्टी करू लागले होते. पलीकडचं वावर त्यांच्या चुलतभावाचं, मधूभाऊजींचं. तिथंही तेच. पण दुःख एक असलं तरी दोघांत बोलणं नव्हतं, कारण मधला धुरा. दर नांगरटीला हे इकडून नांगराचं एक तास धुऱ्यात घुसवायचे, ते तिकडून. कधीकाळी ज्यावरून बैलगाडी जायची त्या धुऱ्याची नुसती वरळी, पाऊल मावेल एवढी पट्टी, उरली होती. फक्त हिवराच्या जुन्या झाडाभोवती दोघांनाही नांगर वळवून घ्यावा लागे, तेवढा तुकडा वाचला होता. आणि त्या तुकड्यावर, कोणी न पेरता, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली तूर हिरवीगार उभी असायची. आम्ही रोज बघायचो. तिचं काही वाटायचं नाही. ताईंनी मात्र एकदा पाहिली आणि तिथंच बसकण मारली. "गजा, हे काहून वाळली नाही रे?" ताई त्या तुरीच्या मुळाशी असलेली माती घेऊन गेल्या.

मग मला मुद्दाम प्रयोगशाळेत बोलावलं. माती पाण्यात कालवून बशीत पसरली की दुसऱ्या दिवशीच धिटाईनं वाढणारे जिवाणू सगळी जागा अडवतात, पंगतीत घाईनं पाट पकडणाऱ्यांसारखे. त्यांची मोजणी झाली की बशा टाकून द्यायच्या, अशी सगळीकडची रीत. ताई टाकत नसत. कोपऱ्यात आठवडे न् आठवडे ठेवून द्यायच्या. "जे उशिरा येतात त्यायलेबी येऊ द्या ना," म्हणायच्या. तसाच खूप उशिरा एक ठिपका आला होता, मोहरीएवढा, खडूसारखा पांढुरका. दुसऱ्या एका बशीत त्यांनी मधोमध तो ठेवला होता आणि कडेला मर आणणारी बुरशी. बुरशी पिंजलेल्या कापसासारखी चहूकडून धावत आली होती... आणि ठिपक्याच्या अलीकडे थबकली होती. मध्ये स्वच्छ मोकळं रिंगण. एवढासा जीव, ना हात ना पाय, आणि वावरंच्या वावरं वाळवणारी ती बया त्याच्यापुढं थांबलेली! देवळात जोडते तसे माझे हात आपोआप जोडले गेले.

"असे किती असतील हो मातीत?" मी विचारलं. "चिमूटभर मातीत बाकीचे कोट्यवधी, हे मोजके. धुऱ्यावर भेटले. वावरात मले भेटले नाही. नाहीतच असं म्हणत नाही मी, भेटले नाही." "एवढे कमी, मंग कामाचे कायचे?" ताई हसल्या. "गावात सुईण एकच असते, वहिनी. रोज तिची आठवण कोणाले येते? वेळ आली का तिच्याच दारी धावता."

पुढच्या हंगामात त्यांनी धुऱ्याची माती शेणखतात मुरवून तुरीच्या थोड्या ओळींना दिली. त्या ओळींत मर कमी पडली. आम्ही नाचायला लागलो तर बाई म्हणतात, "एका सालावरून मी काही बोलणार नाही." पण धुरा राहिला तर पुढचं काही, हे मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. दोन्ही घरी जाऊन बसल्या. "मी जमीन मांगत नाही. पण तुम्ही नांगरानं जे मारून राह्यले, ते मी पुन्हा कोठून आणू?" हे म्हणाले, पहिले त्यानं सोडावं. मधूभाऊजी म्हणाले, पहिले त्यानं. ताई आमच्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. मग आजारपणच आलं. शेवटच्या भेटीत निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "यंदाची नांगरटी..." वाक्य पुरं केलं नाही.

मागच्या आठवड्यात आमची नांगरटी होती. भाकरी घेऊन गेले तर ट्रॅक्टर उभा आणि हे धुऱ्यापासून चांगले आत सरकून टाचेनं रेघ ओढत होते. मी भाकरी सोडायला बसले; काही बोलले असते तर यांनी रेघ पुसली असती, असला यांचा स्वभाव. तेवढ्यात त्यांचं लक्ष पलीकडे गेलं. मधूभाऊजींचं वावर आधीच नांगरून झालं होतं, आणि त्यांनीही धुऱ्याला लागून पट्टा सोडला होता. कोणी कोणाला विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. यांनी डोळे पुसले, तेही धूळ गेल्यासारखं दाखवत. मग एकदम चिडून म्हणाले, "त्या मध्यानं लय जागा सोडली. आपलं कमी दिसते." आणि आपली रेघ पायानं पुसून आणखी आत सरकले.