नाक आजारी आहे, पोट नाही

काकीजींनी आयुष्यात कुणाला "अजून थोडं घ्या" म्हटलं नाही. वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही, पण आमच्या यावलमध्ये हा जवळजवळ गुन्हा होता. आमच्याकडे पाहुणा ताटावर हात आडवा धरतो आणि वाढणारी त्या हातावरच भरीत वाढते. गळ्याची शपथ घातल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानतच नाही. काकीजी मात्र एकदा विचारायच्या. हो म्हटलं तर वाढायच्या, नाही म्हटलं तर भांडं झाकून आत. गल्लीतल्या बाया त्यांना चिक्कू म्हणायच्या, आणि मीही म्हणायचे. लहान असले तरी जीभ माझी तेव्हाही आखूड नव्हतीच.

त्या आमच्या शेजारच्या मारवाडी दुकानदारांच्या घरातल्या. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पुढे पुतण्यांचं कापडाचं दुकान, मागे दोन खोल्यांत या एकट्या. कांदा-लसूण घरात नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. तीस वर्षं यावलात काढल्यामुळे मराठी अगदी स्वच्छ बोलायच्या, फक्त लहान मुलीला "छोरी" म्हणायच्या. मी नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांच्याशी माझं बोलणं झालं असेल ते चेंडू परत मागण्यापुरतं.

मी चौथीत असताना गावात तापाची साथ आली. आमच्या घरात सगळेच पडले. वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, आई, माझी विधवा आत्या अक्का आणि मी. आठवड्याभरात सगळे उठले. भाऊ केळीच्या बागेत जायला लागले, अक्का सगळ्यांवर ओरडायला लागली, म्हणजे घर रुळावर आलं. मीही शाळेत गेले. मला कशाचाच वास येत नव्हता, पण त्याचं मला काही वाटलं नाही. उलट शाळेमागच्या उकिरड्यावरून मी मजेत जायचे.

तीनेक आठवड्यांनी वास परत आला, पण तो आला असा, की न येता तर बरं झालं असतं. भाकरी समोर आली आणि तिला रॉकेलचा वास, त्यात काहीतरी कुजलेलं मिसळलेलं. वरणाला तोच. गरम दुधाला तोच. फोडणीचा चर्र आवाज झाला की मी घराबाहेर पळायचे. घास तोंडात गेला तर उलटून पडायचा. मी ओरडून सांगायचे, "रॉकेल सांडलंय यात!" आई बिचारी वास घेऊन पाहायची, चाखून पाहायची, पुन्हा नवं पीठ मळायची. स्टोव्ह तिनं अंगणात नेऊन ठेवला. काही फरक पडला नाही.

आता जे सांगते ते सांगायला मला आजही जड जातं. आईलाही तोच वास यायचा. तिच्या हातांना, पदराला, केसांना. रात्री ती जवळ घ्यायला आली की मी तोंड उशीत खुपसायचे. एकदा मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती उठून गेली. शिकेकाईनं न्हाऊन पुन्हा आली, तर तो वास आणखी उग्र. मी भिंतीकडे सरकले. मागून तिचा आवाज आला, "मी काय केलं तुले, माय?" नऊ वर्षांच्या पोरीनं काय सांगायचं, की आई, तू मला कुजक्यासारखी वाटतेस?

जळगावच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. त्यानं काय होणार? मग भाऊंनी लग्नाला निघावं तसा नवा सदरा घातला आणि मला एसटीनं धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, छाती ऐकली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "सगळं स्वच्छ आहे. मुलीचे लाड बंद करा." भाऊ परत येताना खिडकीबाहेर बघत बसले. माझे केस हातात येत होते, फ्रॉक खांद्यावरून ओघळत होता. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी दोनदा कोसळले. घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण पोर हातची जाते की काय हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

एका दुपारी आमच्याकडे मसाल्याचं खोबरं भाजायला घेतलं, आणि मी नाक धरून पळाले ती काकीजींच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या आत जेवत होत्या. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली पातळ राबडी, सकाळी करून गार केलेली. दारातून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छोरी, पाहिजे?" मी मानेनंच नाही म्हटलं. त्या पुन्हा जेवायला लागल्या. बस्स, एवढंच. महिनाभर ज्या पोरीमागे अख्खं घर वाटी घेऊन धावत होतं, तिला कुणीतरी पहिल्यांदाच सोडून दिलं होतं. मी बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत गेले. वास आला नाही. आणखी सरकले. मग मीच म्हणाले, "थोडी द्या." त्यांनी खरोखरच थोडी दिली. मी ती प्यायले आणि ती पोटात राहिली!

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे लहान लहान वाट्या मांडल्या. एकीत दही, एकीत गार भात, एकीत गरम भात, एकीत तुपाची फोडणी, एकीत भाजलेले शेंगदाणे. "खायचं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त वास घे आणि मला सांग." मी ज्या वाटीवर तोंड वाकडं करीन ती त्या बाजूला ठेवायच्या. आठवडाभर हा उद्योग चालला. शेवटी त्यांनी स्वतःशीच मान हलवली. "भाजलेलं नको, फोडणी नको, वाफ नको. गार आणि फिकं चालतं. छोरी, तुझं नाक आजारी आहे, पोट नाही." दोन जिल्ह्यांच्या डॉक्टरांना जे सापडलं नाही ते या बाईनं पाच वाट्यांत शोधलं होतं. मी विचारलं, "मग बरं कधी होईल?" त्या म्हणाल्या, "ते मला काय ठाऊक? मी काय वैद्य आहे?" खोटा धीर द्यायची त्यांना सवयच नव्हती.

मी रोज दुपारी तिथं जेवायला लागले. आणि घरी काय झालं असेल? कुणालाही वाटेल आनंद झाला असेल. अहो, कसला आनंद! अक्काचं डोकं भलतीकडेच धावलं. पोर सख्ख्या आईच्या हातचं खात नाही, आईला जवळ येऊ देत नाही, आणि शेजारच्या निपुत्रिक विधवेच्या हातचं मात्र पोटभर खाते, याचा अर्थ एकच. अक्का शेजारच्या गावी बाहेरचं पाहणाऱ्या एका माणसाकडे जाऊन आली. त्यानं सांगितलं, जी भरवते तिनंच केलंय. झालं! संध्याकाळच्या आत ही बातमी नळावर पोचली. "मारवाडणीनं पोरीले बांधलं," बाया म्हणायला लागल्या. भाऊ स्वभावानं मऊ. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण अक्कासमोर तोंडही उघडलं नाही. मला काकीजींकडे जायची बंदी झाली आणि मागच्या दाराला कुलूप लागलं.

नवव्या की दहाव्या दिवशी मला उठून बसता येईना. त्या दिवशी अक्कानं ठरवलं की आता बस्स. तिनं माझं डोकं मांडीत आवळलं, नाक चिमटीत धरलं आणि आईला म्हणाली, "वत दूध. वत म्हनते ना!" आईनं वाटी माझ्या ओठांना लावली. गरम दूध तोंडात आलं. नाक बंद, श्वास घ्यायला गेले तर दूधच आत गेलं. माझे डोळे पांढरे झाले म्हणे. मला आठवतं ते इतकंच, की मी मरतेय हे मला कळत होतं आणि मला मारणारी माझी आई होती.

"नाक सोडा तिचं!"

भिंतीपलीकडून अक्काचं ओरडणं ऐकून काकीजी पुढच्या दारात येऊन उभ्या होत्या. तीस वर्षांत त्यांनी आमचा उंबरठा ओलांडला नव्हता. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि त्या धापा टाकत होत्या.

अक्का म्हणाली, "तुमी कशाले आल्या इथं? आमची पोर हाये, आमी पाहू."

"मीही असंच केलं होतं," काकीजी म्हणाल्या. "इथं यायच्या आधी. माझी सुगनी सहा वर्षांची होती. तापातून उठली आणि खाईना. सासू म्हणाली नाक धर, मी धरलं. दूध छातीत गेलं. तिसऱ्या दिवशी गेली माझी सुगनी." मग अक्काला सोडून त्या आईकडे वळल्या. "बाई, तुझी जिवंत आहे अजून."

आईच्या हातातली वाटी खाली पडली. आमची आई म्हणजे लग्न होऊन आल्यापासून अक्काच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई. ती उठली, मला अक्काच्या मांडीतून ओढून उचललं आणि सरळ चालायला लागली. अक्कानं तिचा पदर धरला. आई नुसतं एवढंच म्हणाली, "सोडा. नाई तर पोरीले घेऊन माहेरी जाईन." आणि मला घेऊन ती काकीजींच्या घरात शिरली.

त्यानंतर आई काकीजींच्या स्वयंपाकघरात नव्यानं स्वयंपाक शिकली. घरच्यांचा तिखट-लसणीचा स्वयंपाक उरकायचा, आंघोळ करायची, काकीजींनी सांगितल्याप्रमाणे साबण-शिकेकाई काही न लावता नुसत्या पाण्यानं, धुतलेलं लुगडं नेसायचं आणि मग माझं गार जेवण करायचं. तरीही तो वास पुरता जात नव्हता. मी जेवायला लागले, अंग धरायला लागले, शाळेत उभी राहायला लागले, पण आई झोपायची ती खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी. एकदा ती रडायला लागली तेव्हा काकीजी तिला म्हणाल्या, "ती तुझ्यावर रुसली नाही गं. तिच्या नाकाला सवड दे." आईनं सवड दिली. किती अवघड गेलं असेल तिला, ते मला स्वतःला मूल झाल्यावर कळलं.

काकीजींना मात्र गावानं सवड दिली नाही. मी बरी होत होते, तरी नळावरची बोलणी थांबली नाहीत. बाया पोरांना त्यांच्या ओट्यावरून ओढून न्यायला लागल्या. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी झालं तसे पुतणे कुरकुरले, आणि दिवाळीच्या आधी त्यांनी काकीजींना धुळ्याला एका नातेवाइकाकडे पाठवून दिलं. एक ट्रंक आणि एक वळकटी. एसटीपर्यंत पोचवायला गल्लीतून आई आणि मी, दोघीच. भाऊ घरातच बसून राहिले, त्यांना लाज वाटत होती. अक्कानं दार लावून घेतलं. अक्का शेवटपर्यंत कधी चुकले म्हणाली नाही आणि मी तिला माफ केलं नाही. ती गेली तेव्हाही नाही, आज म्हातारपणीही नाही. कुणाला वाईट दिसलं तर दिसो.

खरा वास परत यायला त्यानंतर आणखी वर्ष गेलं. तोही एकदम आला नाही. आधी चिंच आली, मग ओली माती, मग एक दिवस अंगणातल्या स्टोव्हचं खरं रॉकेल, आणि ते वेगळं आहे हे कळल्यावर मी वेड्यासारखी हसत सुटले. आई मात्र सगळ्यात शेवटी आली. ती केळीच्या पानावर शेवया वाळत घालत होती, मी मागून गेले आणि तिच्या पाठीला नाक लावलं. घाम, पीठ आणि लसूण. मी तिथंच बसले आणि तिला सोडलंच नाही. शेवया वाऱ्यानं उडाल्या.

त्याच आठवड्यात आई मला घेऊन धुळ्याला गेली. काकीजी नातेवाइकाच्या घरी जिन्याखालच्या खोलीत राहत होत्या. खूप वाळल्या होत्या. आम्हाला बघून उठायला गेल्या, जमलं नाही. आई त्यांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "आमच्यापायी तुमाले गाव सोडावं लागलं." त्यांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं. माझं मनगट दोन बोटांत धरून किती भरलंय ते पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील काय काय खातेस. मी पाठ करून गेले होते, भाकरी, भरीत, शेवभाजी, सगळं.

त्यांनी विचारलं, "छोरी, आईजवळ झोपतेस?"

"हो," मी म्हणाले.

मग ती बाई, जिच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, तोंडाला पदर लावून रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. रडता रडता एकच म्हणत होती, "झोपते... झोपते ती आईजवळ." आई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांना तिनं कुशीत घेतलं. यावलची गाडी निघून गेली तरी आम्ही तिथून हललो नाही.