कोऱ्या पेशी

तरे सर पानं चाटायचे. ही ऐकीव गोष्ट नाही. पालघरच्या शाळेत मी रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी मी ते पाहिलं. शाळेच्या कुंपणालगत भेंडीची झाडं होती. भाजीची भेंडी नव्हे, समुद्रकाठी वाढणारी, पिवळ्या फुलांची मोठी झाडं. त्यातल्या एकाखाली एक उंच, काळासावळा माणूस पान उलटं करून देठाजवळ जिभेचं टोक लावत होता. मी थांबले तसं त्यांनी सहज सांगितलं, "कालच्यापेक्षा गोड हाय. काल ढग होते." आणि दुसरं पान तोडून माझ्यापुढे धरलं. मी चाटलं नाही. मी चित्रकला शिकवायला आले होते आणि नऊ वाजता माझा तास होता.

माझे यजमान तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होते. आम्ही बोईसरला राहायचो, मी सकाळच्या पॅसेंजरने पालघरला यायची. नोकरी करायची, चारला घरी जायचं, एवढाच माझा बेत होता. जीवशास्त्राच्या शिक्षकाची चित्रं काढायचा बेत नव्हता. पण शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता, सरांना चित्र काढता येत नव्हतं, आणि मधल्या सुट्टीत मला काही काम नसायचं.

रामचंद्र तरे सातपाटीचे. वडील होडीवर गेले ते परतले नाहीत. आईने बोंबील सुकवून, विकून मुलाला बी.एस्सी. केलं. वर्गात सर पुस्तकी मराठी बोलायचे, पण कशात रंगले की सातपाटीची भाषा आपोआप यायची. आणि ते रंगायचे एकाच गोष्टीत.

भेंडीच्या पानामागे, मधल्या शिरेवर, देठाजवळ एक बारीक खाच असते. तिच्यात गोड पाण्याचा थेंब येतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. फुलातला मकरंद सगळ्यांना माहीत असतो, पानातला नसतो. सरांचा प्रश्न होता, हा थेंब येतो कसा? झाडाच्या रसवाहिन्यांतून साखरेचं पाणी खाचेपर्यंत पोचतं, हे पुस्तकात होतं. पुढे ते नुसतं झिरपतं, की खाचेतल्या पेशी ते आत घेऊन, त्यावर काही काम करून बाहेर टाकतात? झिरपतं म्हणणारे मोठमोठे लोक होते. सर म्हणायचे, "मडकं फुटलं की पाणी जातं, त्याला कोण काम म्हणत नाय. पण बाई, पेशी म्हणजे मडकं नाय. ती राबते."

पेशीच्या आत अगदी लहान पिशव्या असणार, त्या रसाने भरणार, सरकत कडेपर्यंत जाणार आणि बाहेर रिकाम्या होणार, असा त्यांचा अंदाज होता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून एवढं लहान काही दिसणं शक्य नव्हतं. जे दिसत होतं ते मात्र त्यांनी चांगलं पाहिलं होतं. गाजराच्या चिरेत पान धरून ते न्हाव्याच्या वस्तऱ्याने काप काढायचे. एका ओढीत काप पाण्यात पडायचा आणि दिसेनासा व्हायचा, इतका पातळ. हा हात आईचा, असं ते सांगायचे, कोयता असो की वस्तरा, दाबायचा नसतो. मग खिडकीत उन्हाकडे आरसा वळवून मला बोलवायचे. खाचेत बारीक केस दाटीने उभे असायचे, प्रत्येक केस पाच-सात पेशींचा, पेशी गच्च भरलेल्या. सातपाटीच्या बाजारात बायका पाट्या घेऊन खेटून बसतात तशा.

पहिल्या चित्रात मी पेशींच्या आत ठिपके भरले होते. रिकाम्या पेशी बऱ्या दिसत नव्हत्या. सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे ठिपके दिसले तुमाला?" मी म्हटलं, तिथे काहीतरी असणारच ना. त्यावर ते म्हणाले, "असणार ते माझं काम. तुमी दिसतं तेच काढा." मी ठिपके खोडले. पुढची चार वर्षं मी पेशींच्या भिंती काढल्या आणि आतली जागा कोरी ठेवली.

त्यांचा एक प्रयोग शाळेत चेष्टेचा विषय होता. सातपाटीला मासळीसाठी बर्फ मिळायचा, तो ते डब्यातून आणायचे आणि झाडावरच्या पानाच्या नेमक्या त्या खाचेला लावायचे. थेंब थांबायचा. बर्फ काढला, ऊन लागलं की पुन्हा यायचा. थंडीने काम थांबतं, म्हणजे तिथे काम चालू असतं, असं ते म्हणायचे. आमचे गणिताचे शिक्षक म्हणायचे, तऱ्यांनी पानालाही कोळंबीचा वास लावला. सर हसायचे. पण एवढ्याने सिद्ध होत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. थंडीने रसवाहिनीही मंदावत असेल. आत पाहिल्याशिवाय इलाज नव्हता.

सरांच्या डोळ्यांचं माझ्या लक्षात आलं ते चहामुळे. मी त्यांच्या डाव्या हाताशी कप ठेवला आणि त्यांनी तो पाडला. आठ दिवसांत तीनदा पाडला. मी सरळ विचारलं. काचबिंदू होता. कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं उरलं होतं. सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून त्यांना स्वच्छ दिसायचं, पण नळीशेजारचं टेबल दिसत नव्हतं. मधलंही जाणार, वर्ष लागेल नाहीतर दीड, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला सांगितलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "एकदा आत बघू दे, मग सांगतो."

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. सरांनी तिथल्या एका शास्त्रज्ञांना चार पत्रं लिहिली, माझी चित्रं जोडली. पाचव्या महिन्यात उत्तर आलं. नमुना व्यवस्थित आणला तर पाहतो, म्हणाले. सोबत छोट्या बाटलीत औषध दिलं होतं. खाचेतली जिवंत ग्रंथी, म्हणजे ते रस सोडणारे केस, त्यात टाकली की पेशी आहेत तशाच पक्क्या राहतात. अट होती ती थंडाव्याची. बाटली बर्फात ठेवून आणायची, पण आतलं गोठू द्यायचं नाही. गृहस्थ पुढच्या महिन्यात परदेशी जाणार होते आणि यंत्रावर त्यांच्या वाट्याला एकच दिवस उरला होता. म्हणजे ही एकच खेप.

बर्फ सातपाटीला आणि भेंडीचं झाडही सरांच्या अंगणात, म्हणून तिथूनच निघायचं ठरलं. माझ्या यजमानांचा रुंद तोंडाचा थर्मास मी घेऊन गेले. अंगणात बोंबील वाळत टाकायच्या बांबूंच्या वलांडी भरल्या होत्या. ऊन वर आलं, थेंब धरला, आणि सरांनी वस्तऱ्याने खाचा कापून, त्यांचे मोहरीपेक्षा लहान तुकडे करून बाटलीत सोडले. हात जराही हलला नाही. थर्मासात बाटलीभोवती बर्फ भरला, आणि ते सदरा बदलायला आत गेले.

त्यांची आई वलांडीवरून आली. ठेंगणी, कमरेला घट्ट कासोटा, हात खाऱ्याने चिरलेले. तिने थर्मासात डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "हा मुंबैपरत टिकंल काय गो बाय? लांब जायाची मासळी आमी अशी नाय धाडत." आणि मडक्यातलं मूठभर जाडं मीठ काढून, माझ्याकडे पाहत थांबली. मीठ मारलं की थंडावा वाढतो, हे मला ठाऊक होतं. घरी आईस्क्रीमच्या पॉटला मी दर मे महिन्यात मीठ घालत होते. का घालतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. पॉटातलं दूध त्याने गोठतं, एवढं तरी आठवायला हवं होतं. मी म्हटलं, घाला. तिने दोन मुठी घातल्या, वरून बर्फ दाबला आणि झाकण स्वतःच्या हाताने घट्ट लावलं. सर बाहेर आले, थर्मास उचलला आणि एस.टी.कडे गेले.

फोटोंचा लिफाफा अडीच महिन्यांनी सातपाटीच्या पत्त्यावर आला. तोवर सर रजेवर होते. त्यांना माणसं आकारावरून कळायची, अक्षरं लागत नव्हती; आईला अजून सांगितलं नव्हतं. त्यांनी निरोप धाडला म्हणून मी गेले. अंगणात बाजेवर बसून त्यांनी लिफाफा मला दिला आणि म्हणाले, "दिसतं तेच सांगा."

मी सांगितलं. पेशीच्या भिंती जागोजाग तुटल्यात. आत पिशव्या दिसत नाहीत. आरपार पांढऱ्या भेगा आहेत, लांब, सुयांसारख्या, एकमेकींना छेदणाऱ्या. सगळ्या फोटोंत तेच. सोबतच्या चिठ्ठीत दोन ओळी होत्या, नमुना वाटेत गोठला, खेद आहे.

"सुया," ते म्हणाले. "बर्फ हाय तो. गोठलेली मासळी चिरली की मांसात अशाच भेगा असतात." मग म्हणाले, "पण नुसत्या बर्फाने गोठायला नको होतं."

मी मिठाचं सांगितलं. कोणी घातलं तेही, घाला कोण म्हणालं तेही. हात पुढे करून त्यांनी एक फोटो मागितला आणि अंगठ्याने तो गुळगुळीत कागद चाचपत राहिले.

आई वलांडीकडून हात पुसत आली. लिफाफा पाहून तिने विचारलं, "आलं काय रं रामा मुंबैचं? बर्फ टिकला ना?"

"टिकला, आये," सर म्हणाले.

"दिसलं तुला पायजे ते?"

"दिसलं."

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बघ बाय, मीठ मारलं म्हणून." मी मान हलवली. चार वर्षांत त्या माणसाच्या तोंडून न पाहिलेल्या गोष्टीबद्दल मी 'दिसलं' हा शब्द ऐकला नव्हता.

त्यानंतर सांगण्यासारखं फारसं काही नाही. दुसरी खेप झाली नाही. सरांनी शाळा सोडली. अंगणात बसून ते चाचपून जाळी विणायचे, आणि वीण बरी असायची. मी गेले की भेंडीचं पान मागायचे, जीभ लावायचे आणि बाजूला ठेवायचे. गोड आहे का, असं मी विचारायची. "हाय," एवढंच म्हणायचे. दोन पावसाळ्यांनी कावीळ झाली आणि आठ दिवसांत ते गेले.

नंतर मी चित्रांचा गठ्ठा घेऊन मुंबईला एका कॉलेजात गेले. तिथल्या प्राध्यापकांनी चित्रं वाखाणली. म्हणाले, छापता येतील, पण पेशींच्या आतलं अपुरं आहे. दुसऱ्या झाडांच्या मधुग्रंथींचे फोटो आता परदेशी छापून आले आहेत, आत पिशव्या आहेत, कडेला जाऊन रिकाम्या होत असाव्यात. त्यांनी कपाटातून तो अंक काढून दाखवला आणि सुचवलं, यावरून भरून द्या, तासाभराचं काम आहे.

मी तो फोटो पाहिला. भिंती अखंड होत्या आणि कडेला पिशव्यांची दाटी होती. सरांनी सांगितल्या होत्या तशाच.

पण ते भेंडीचं पान नव्हतं. मी गठ्ठा बांधला आणि परत आणला. तो बोईसरला माझ्या कपाटात आहे. पेशी कोऱ्याच आहेत.