रेडिओ गप्प झाला की

लोककथेच्या अभ्यासकाला एक गोष्ट लवकर उमगते. कथा साचायला मोठी घटना लागत नाही; पुन्हा पुन्हा विचारला जाणारा एखादा प्रश्न पुरतो. आमच्या रेडिओ केंद्राच्या बाबतीत तो प्रश्न होता, "काल काऊन बंद पडला होता?" इचोड्याच्या चहाच्या टपरीवर, नेरडीगोंड्याच्या बाजारात, भाजीच्या गाड्याजवळ कोणीही कोणाला हे विचारी आणि उत्तर देणारा त्यात आपल्या पदरचे काही घाली. एकाच बिघाडाचा टपरीवरचा पाठ आणि बाजारातला पाठ मी शेजारी ठेवून पाहिले आहेत. टपरीवर एक असलेले वानर बाजारात पोचेपर्यंत टोळी झालेले असे. हे सारे किस्से ज्याच्याभोवती जमले, तो देवराव मात्र स्वतः त्यातला एकही सांगत नसे.

हायवेपासून थोडे आत, टेकाडावर, एका संस्थेचे हे लहानसे एफएम केंद्र. भोवतालची काही गावे एवढाच त्याचा आवाका. देवराव तिथला इंजिनिअर. ट्रान्समीटर, मिक्सर, जनरेटर, वरचा टॉवर आणि खालचा पाण्याचा पंप, सगळे त्याच्याकडे. सुनंदा निवेदिका, पोचन्ना राखणदार, आणि आठवड्यातून एकदा ओव्यांचा कार्यक्रम करायला जाणारा मी. एवढेच आमचे वर्तुळ.

पण हे किस्से कळायला आणखी एक माणूस ठाऊक हवे: देवरावची आई, सरूबाई. त्यांचा धाकटा मुलगा किसन विजेच्या खांबावर काम करी आणि खांबावरच गेला. त्यानंतर थोरल्याने विजेच्याच यंत्रापाशी बसणे त्यांनी एका अटीवर सोसले. घरातला रेडिओ दिवसभर चालू राहायचा. रेडिओ बोलतो आहे, म्हणजे देवा आहे. रेडिओ गप्प झाला, की देवाने तारेला हात लावला.

०००

हे आम्हाला कळले ते कापसामुळे.

कापसाचा हंगाम सुरू झाला की हायवेवरच्या जिनिंगमधून बारीक तंतू उडत येतात. ट्रान्समीटर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीवर ते बसतात, हवा अडते, आणि यंत्र तापून स्वतःच बंद होते. त्या दुपारी तसेच झाले. देवराव जाळी काढून, फरशीवर फतकल मारून, जुन्या टूथब्रशने ती घासत होता. तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि एक बाई आत शिरल्या. पायात चप्पल नव्हती. हाताला ओली कणीक तशीच होती.

त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलेच नाही.

"हात दाखव."

देवरावने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"रेडिओ काऊन बंद केला?"

"म्या नाई केला माय. कापसानं केला."

"कूर्चो अम्मा," असे तेलुगूत म्हणत पोचन्नाने खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या, पाणी प्यायल्या. देवराव हलक्या आवाजात म्हणाला, "फोन करून इचारायचं ना वो."

"फोन त्याबी दिवशी आला होता," सरूबाई म्हणाल्या. "बरा हाय, थोडंसं लागलं, म्हने."

देवराव पुन्हा जाळी घासू लागला. गाणे सुरू झाल्यावरच त्या उठल्या आणि आल्या तशा अनवाणी निघून गेल्या.

०००

वानरांचा किस्सा सर्वांत जास्त पाठभेदांचा. माझ्या डोळ्यांदेखत घडला तेवढाच सांगतो.

टॉवरवरून खाली येणाऱ्या केबलचा जोड एका वानराने ओढून सैल केला होता. असा जोड सैल झाला की वर जायची शक्ती उलटी खाली फिरते आणि ट्रान्समीटर बंद होतो. देवराव पट्टा बांधून वर चढला. वानर आणखी वर चढून बसले. देवराव थांबला, वानरही थांबले. खाली पोचन्ना पत्र्याचा डबा वाजवत उभा.

"सार," तो मला म्हणाला, "दोघंबी वर हायेत. आता खाली पयले कोन येते, पाहा."

शेवटी देवराव वानराला तिथेच ठेवून, जोड घट्ट करून उतरला. उतरल्यावर पहिला शब्द निघाला तो, "माय..." सुनंदाने त्याला पुरे बोलूच दिले नाही. ती माइकसमोर बसली आणि म्हणाली, "तांत्रिक कारणामुळे आमचे प्रसारण काही वेळ थांबले होते, त्याबद्दल क्षमस्व. केंद्रातील सर्व कर्मचारी सुखरूप आहेत."

पहिला फोन इचोड्याच्या एका किराणा दुकानदाराचा आला.

"काऊन ताई, तिथं हल्ला गिल्ला झाला होता का?"

हे दुसरे वाक्य पुढे कायमचे चिकटले. लाइट जाऊन मिनिटभर खंड पडला तरी सर्व कर्मचारी सुखरूप असत. श्रोते हसत, पोरे क्रिकेटमध्ये चेंडू हरवला तरी तेच वाक्य म्हणत. ठरीव वाक्यांचे असे होतेच: बहुतेकांसाठी त्यातला अर्थ झिजतो आणि नुसती लय उरते. या वाक्याचा अर्थ एका घरात मात्र शेवटपर्यंत झिजला नाही.

०००

टॉवर दिसला की माणसे तक्रार घेऊन येत. नागपूरकडे निघालेला एक ट्रकवाला थेट ट्रान्समीटरच्या खोलीत शिरला आणि मोबाइल पुढे धरून म्हणाला, "भैया, नेटवर्क नहीं आ रहा."

देवरावने शांतपणे समजावले, की हा रेडिओचा टॉवर आहे. इथून फक्त जाते, इथे काही येत नाही.

ट्रकवाला विचारात पडला. "मतलब आपको पता ही नहीं चलता, कोई सुन रहा है कि नहीं?"

"एक का पता चलता है," देवराव म्हणाला.

०००

सगळ्यात अवघड प्रश्न विजांचा होता. आभाळ गडगडू लागले की प्रसारण थांबवायचे आणि अँटेनाची केबल काढून ठेवायची, हा नियम. पण सरूबाईंच्या दृष्टीने पाहा. बाहेर वीज कडाडते आहे आणि नेमका तेव्हाच रेडिओ गप्प झाला आहे!

एका वादळात देवरावने नियम मोडला. पोचन्ना दोनदा येऊन सांगून गेला, "सार, बंद करा." तो म्हणे, "थांब जरासा, गाणं संपू दे." गाणे संपण्याआधीच वीज टॉवरवर उतरली. माणूस कोणी दुखावला नाही, पण ट्रान्समीटरचा मुख्य बोर्ड जळाला. आईला अर्ध्या तासाची भीती वाटू नये म्हणून केलेल्या गोष्टीने कित्येक दिवसांची शांतता ओढवून घेतली. हैदराबादेहून बोर्ड येईपर्यंत केंद्र मुके होते.

संस्थेच्या सचिवांनी त्याच्याकडून खुलासा मागितला. कारण कळल्यावर म्हणाले, "देवराव, हे केंद्र तुमच्या आईसाठी चालत नाही."

"नाई साहेब," देवराव म्हणाला. "पन ती ऐकते."

त्या दिवसांत सरूबाईंनी त्याला केंद्रावर जाऊच दिले नाही. गप्प रेडिओशेजारी त्याला बाजेवर बसवून ठेवले. तिकडून गेलो तेव्हा पाहिले, तो बसल्या बसल्या झोपला होता आणि त्या अधूनमधून कामातून मान वळवून बाजेकडे पाहत होत्या.

"झोपून राह्यला," त्या मला म्हणाल्या. "घोरते. आयकू येते मले."

०००

सरूबाईंच्या गळ्यात ओव्यांचा मोठा साठा आहे हे मला उशिरा कळले. किसन गेल्यापासून त्यांनी जात्यावर बसणे सोडले होते, आणि जाते सुटले की ओवीही सुटते. बरीच विनवणी केल्यावर त्या ध्वनिमुद्रणाला आल्या. स्टुडिओचे जाड दार, भिंतींचे मऊ अस्तर, कुठून कसला आवाज नाही. त्यांना ते मानवले नाही.

"इथं तर आपलाच श्वास आयकू येते," म्हणाल्या.

तरी त्यांनी सुरुवात केली. माहेरची ओवी, मग भावाची. आवाज चिरका झाला होता, पण ठेका पक्का. मी डोळे मिटून ऐकत होतो. लेकाच्या ओवीचा पहिला चरण संपला, दुसरा उचलला आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात पुढचे शब्द आले:

"हात काढ आधी. हात काढ म्हनलं ना."

डोळे उघडले. काचेपलीकडे देवरावने मिक्सरचे मागचे झाकण उघडून आत हात घातला होता. त्याने तो काढला. सरूबाईंनी चरण पुन्हा उचलला आणि ओवी पूर्ण केली.

संपादनाच्या वेळी ते शब्द कापायला माझा हात धजावला नाही. कार्यक्रम तसाच प्रसारित झाला. पुढच्या आठवड्यात दोन गावांतून निरोप आले, की ती "हात काढ" वाली ओवी पुन्हा लावा. एका म्हातारीने तर ती आपल्या आजीकडून ऐकल्याचे सांगितले. परंपरा कशी घडते हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. घडताना पाहिली ती तेवढी एकदा.

०००

देवरावने रजा फारशी घेतली नाही. मामेबहिणीच्या लग्नाला मात्र वांकिडीला जावे लागले. आईला सोबत नेले, आणि आईने पिशवीत रेडिओ नेला. वांकिडीपर्यंत आमचे केंद्र पोचत नाही. मांडवात अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि सरूबाई एका कोपऱ्यात रेडिओ कानाला लावून बसलेल्या. नुसती खरखर.

हा प्रसंग देवरावने स्वतः सांगितला. त्याने सांगितलेला हा एकच.

"म्या म्हनलं, माय, मी इथंच हाय ना तुह्यासमोर. आता कायले आयकून राह्यली?"

"मग?"

"ते म्हने, तू हायेस रे. पन तिथं आज दुसऱ्या कोनाचा पोरगा बसला असंन ना."

हे सांगून त्याने मीटरचा काटा तपासला. मग म्हणाला, "सर, तिच्या पायी मी ही नोकरी सोडतो म्हनलं होतं एकदा. तर म्हने, नोको सोडू. सोडली तर मले कसं कळंन?"

०००

शेवटचा किस्सा यंदाच्या उन्हाळ्यातला.

देवराव नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला. ट्रान्समीटर सुरू केला, सकाळची गाणी लावली आणि खुर्चीत बसला. सुनंदा आली तेव्हा गाणे चालू होते आणि तो गेलेला होता. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितले. यंत्राचा त्यात काही दोष नव्हता.

मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेले होते आणि सुनंदा माइकसमोर बसली होती. गाणे चालू असताना दार उघडून ती म्हणाली, "सर, माय घरी एकटी हाय. तिले हे मानसानं सांगायचं, रेडिओनं नाई. तुमी तिच्याजवळ पोचेस्तोवर मी याले थांबू देत नाई."

आणि तिने थांबू दिले नाही. बाजारभाव वाचले, हवामान सांगितले, पिकांची माहिती दिली, गाण्याला गाणे जोडले; आवाज कुठे कापला नाही. पोचन्ना उन्हात जनरेटरपाशी उभा राहिला. लाइट गेली तेव्हा बॅटरीच्या आधाराने यंत्र तग धरून होते, तेवढ्यात त्याने जनरेटर असा चटकन चालू केला, की कोणाच्या कानाला काही जाणवले नाही. इतकी वर्षे कापूस, वानरे आणि विजा यांनी ज्या केंद्राला धड चालू दिले नाही, ते त्या दिवशी अखंड चालले.

निरोप न्यायला मला निवडले, कारण मी शिकलेला. मला शब्द सापडतील असे सगळ्यांना वाटले. जीपमधला रेडिओ चालू होता. सुनंदाचा आवाज ऐकत मी वाटभर शब्द शोधत होतो. माणूस गेल्यावर म्हणायची गाणी मी गावोगाव फिरून जमवली आहेत. माणूस गेल्याचे सांगावे कसे, याचे एकही माझ्याकडे नव्हते.

सरूबाई अंगणात सावलीला बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या. बाजेवर रेडिओ बोलत होता.

"या सर, बसा," त्या म्हणाल्या. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा उचलून हातात धरला. रेडिओवर एक गाणे संपले. सुनंदाने पुढच्याचे नाव सांगितले. ते सुरू झाले.

सरूबाई रेडिओकडे पाहत होत्या.

"सकाळपासून एकदाबी अटकला नाई," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

त्यांनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवले आणि पदराला हात पुसले.

"आज कोन चालवून राह्यलं?"