सुंदर अक्षरातले धडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी तळ्याकाठी फेरी मारतो त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — नक्की मलाही ठाऊक नाही.

आधी माझ्या अक्षराबद्दल सांगायला हवं. माझं अक्षर सुंदर आहे. आगाशीतल्या कितीतरी घरच्या लग्नपत्रिकांवर नावं घालायला मलाच बोलवायचे. मी फळ्यावर लिहायला लागलो की वर्गातली मस्करीसुद्धा थांबायची. मला त्याचा गर्व होता — अजून आहे, खोटं कशाला बोलू?

दोन हजार आठच्या सुमारास आगाशीत आमचं एक छोटं अभ्यासकेंद्र होतं, बाहेरून बारावीला बसणाऱ्यांसाठी. मुलं नोकऱ्या करणारी. त्यांना तासाला येणं जमायचं नाही. म्हणून धडे इंटरनेटवर टाकायचे ठरलं. मनवेलपाड्यातली एखादी मुलगी कामावरून सुटली की सायबर कॅफेत बसून वाचेल, सगळ्यांना शिकता येईल — कल्पना चांगली होती, आणि ती माझीच होती. मी इतिहास शिकवायचो. कट निबच्या पेनाने एकेक धडा लिहिला, मथळे लाल शाईत, आणि ती पानं स्कॅन करून साइटवर चढवली. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. मी आतून फुगलो.

दर्शना जवळच्याच कळंब गावची. लहानपणीच दृष्टी गेलेली. तिची आई आगाशीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि जाता जाता हिला केंद्रात सोडायची. आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवणारी प्रज्ञा होती, तिने तिच्यासाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळवलं होतं — पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं. दर्शना हेडफोन लावून बसायची. माझ्या धड्यावर आली की कॉम्प्युटर एवढंच म्हणायचा — ग्राफिक. पुढचं पान — ग्राफिक. माझं सगळं लिखाण त्याच्या लेखी नुसतं चित्र होतं.

"टाइप करून टाकू या ना, सर," प्रज्ञा म्हणाली. "मी करते सगळं, टेन्शन घेऊ नका." नमुन्याला तिने एक धडा करून साइटवर टाकलाही. कॉम्प्युटरचा आवाज हिंदी वळणाचा, ठेचकाळत वाचणारा. मला तो ऐकवेना. दर्शना मात्र शेवटपर्यंत ऐकत बसली आणि मग म्हणाली, "सर, परत लावा ना. आता मना कोनी वाचून दाखवायला नको." तिला शिक्षिका व्हायचं होतं, त्यासाठी आधी बारावी सुटायला हवी होती. तो धडा तिने त्या दिवशी पुन्हापुन्हा लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत प्रज्ञाला मुंबईत नोकरी लागली, ती गेली. टाइप केलेला तो एकच धडा माझ्या पानांच्या रांगेत विजेच्या बिलासारखा दिसत होता. मी तो काढून टाकला.

दोन्ही ठेवता आले नसते का? आले असते. माझा वर, टाइप केलेला खाली — कुणाचं काय बिघडलं असतं? पण खरं सांगू — नुसत्या दिसण्याचं ते दुखणं नव्हतं. ती मुलगी माझ्या अक्षराशिवाय शिकली होती, आणि खूश होती. तेच मला सोसलं नाही. हे असं मांडायला मला इतकी वर्षं लागली.

तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "त्याला मराठी वाचता येत नाही गं. तो एक धडा कसाबसा जमला होता, तोही आता बंद पडला. मी फार खटपट केली." खटपट! ती म्हणाली, "असू दे सर." उलट मलाच वाईट वाटू नये म्हणून हसली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. पुढेही कधी बसली नाही.

दोनेक वर्षांनी ती मला बाजारात भेटली, आईशेजारी बसलेली. मी भाव विचारला तसा तिने आवाज ओळखला. "आये, आमचे सर. त्यांना ताजे दे." मग मला म्हणाली, "सर, आमच्याकडची एक बाय विचारत होती. तिच्या पोरीलापन दिसत नाय. केंद्रात पाठवू काय म्हनून. मी सांगितलं, नको पाठवू, मराठी नाय वाचत तो कॉम्प्युटर. आमच्या सरांनी स्वतः खटपट केली, तरी नाय झालं."

किती विश्वासाने सांगत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं — वाचतो, मराठी वाचतो, पाठव तिला. माझी पानं तेव्हाही साइटवर तशीच होती.

मी म्हणालो, "बरं केलंस."

तिच्या आईने पैसे घेतले नाहीत. ती दुसरी मुलगी कुणाची, तिचं नाव काय, हे मी विचारलं नाही. बोंबील घेऊन घरी आलो, आणि ते आम्ही खाल्ले.