मोटारीचा वास

माझी बायको गेल्या उन्हाळ्यात वारली. ती कशी होती असं कोणी विचारलं, की मी सांगतो, तिचं नाक चांगलं होतं. लोक हसतात. हसू द्या.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. लग्न नवंच होतं. धरणगावाकडून धुळ्याला आलो, एका शेठच्या सुतारकामाच्या कारखान्यात. पाळण्याच्या खांबांवरची नक्षी घासायला तिथं ब्रशचं मशीन होतं. ते चालवायला मला ठेवलेलं. मशीन बंद पडलं तर मी घरी, म्हणजे आम्ही दोघं परत गावाला.

एका दुपारी ब्रश अडकला. मोटार नुसती घूं घूं करायला लागली, धूर निघाला. मी बटण बंद केलं.

शेठ म्हणाले, "जळाली! आता जळगावला जाईल, नवी तार भरून येईल तेव्हा येईल. तू पण जा गावाला."

तार जळाल्याचा वास वेगळा असतो. पण मला पडसं, आणि आमचे मिस्तरी नाना, त्यांचं नाक तपकिरीनं बुजलेलं. तेवढ्यात ही डबा घेऊन आली. मी भंगारातल्या मोटारीची जळकी तार तिच्या नाकाशी धरली. म्हटलं, "हा वास ध्यानात ठेव. आता ही मोटार हुंग."

नाना म्हणाले, "काय रे, बायकोला असं काम लावतो?"

ती लाजली, पण वाकली. मोटार हुंगली, मग मोटारीवरून ब्रशकडे जाणारा रबरी पट्टा हुंगला. हळूच म्हणाली, "तारना वास नही शे. टायर जळस तसा वास ई ऱ्हायना."

म्हणजे जळत होता तो पट्टा. मी तो काढला आणि बटण दाबलं. मोटार झकास पळाली. ब्रशचा दांडा मात्र हातानं हलेना. बेअरिंग उघडलं तर आत भुसा आणि डिंकासारखं वाळलेलं तेल. नानांनी ग्रीसऐवजी पॉलिशचं जवसाचं तेल सोडलं होतं, ते वाळलं की चिकटून बसतं.

"तेल ते तेल," नाना पुटपुटले.

"मग घरी भाजीला ग्रीस टाकता का, नाना?" शेठ म्हणाले. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं, दुसरा पट्टा चढवला. ब्रश फिरला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी आलो तर ती अंगणात माती मळत बसलेली. तोवर तीन विटांवरच स्वैपाक चालला होता.

"आते आठेच ऱ्हानं शे ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, हो, आता इथंच. तिनं चूल घातली.