शनिवारी कापलेली नखं

अण्णांची नखं कुणीतरी कापली होती, आणि तो शनिवार होता.

शाळा आटोपून मी संध्याकाळी घरी आले, अण्णांना ताट वाढलं आणि ते भात कालवत असताना माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. नखं स्वच्छ, गोलसर, कडासुद्धा घासलेल्या. शनिवारी नखं नाहीत, सोमवारी केस नाहीत, दिवेलागण झाल्यावर कात्रीला हात नाही, अशा घरात मी वाढले. हे सगळे नियम अण्णांचेच. शिवाय त्यांचा हात आता थरथरायचा. नखं मीच कापायची, रविवारी, आणि सहामाहीचे पेपर तपासायच्या नादात ते बरेच दिवस राहून गेलं होतं.

"अण्णा, नखं कुणी कापली?"

"देवाने," ते म्हणाले आणि आमटीचा भुरका मारला.

माझा स्वभाव संशयी आहे. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराचं पोट मी आधी त्याच्या डोळ्यांत बघते. फुकटचा प्रसाद देणाऱ्याला, विनाकारण हसणाऱ्याला आणि "ताई, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या" म्हणणाऱ्याला मी दारातूनच वाटेला लावते. तेव्हा देव नेलकटर घेऊन नवी मुंबईत, आमच्या जुईनगरात फिरतो, यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. एक तर घरात कुणी आलं होतं, नाहीतर अण्णा बाहेर गेले होते.

बाहेर गेले असतील तर माझी धडगत नव्हती. आई गेल्यावर मी अण्णांना कोकणातून माझ्याकडे आणलं. मी एकटी, शाळेत मास्तरीण. अण्णांना हळूहळू विसरायला होऊ लागलं. आधी वार, मग माणसं. एकदा मी शाळेत असताना ते खाली उतरले आणि संध्याकाळी बरीच स्टेशनं पलीकडे, खांदेश्वरला एका दुकानाच्या पायरीवर बसलेले सापडले. माझा थोरला भाऊ पुण्याहून धावत आला. म्हणाला, "पुन्हा एकदा जरी असं झालं, तरी मी त्यांना पनवेलच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तुझ्याच्याने नाही होणार हे." मी म्हटलं, होईल.

तेव्हापासून शाळेत जाताना मी लॅचला बाहेरून किल्ली फिरवायची, म्हणजे दार आतूनही किल्लीशिवाय उघडायचं नाही. एक किल्ली अण्णांच्या जानव्याला बांधलेली होती, कारण गॅस गळला तर माणूस आत कोंडून मरायला नको. ती किल्ली फक्त अडचणीला, हे मी रोज बजावायची आणि ते रोज मान हलवायचे. आता ही नखं दादाच्या कानावर गेली असती, तर माझं "होईल" तिथेच संपलं असतं.

मग मी अण्णांची झडतीच घेऊ लागले. सदऱ्याचं तुटलेलं बटण एक दिवस जागेवर आलं, पांढऱ्या सदऱ्यावर निळ्या दोऱ्याने. डोक्याला जास्वंदीच्या तेलाचा वास येऊ लागला. आमच्याकडे साधं खोबरेल. टाचांच्या भेगांत मेण भरलेलं दिसलं. प्रत्येक वेळी मी विचारलं, कुणी केलं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी शांतपणे देवाचं नाव घेतलं. बोटातली अंगठी मी रोज बघत होते. ती जागेवर होती. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटली. चोर नखं कापत बसत नाही, हे मलाही कळतं. पण केसाने गळा कापणारी माणसं असतात, ती आधी केसांना तेलच लावतात.

माझा पहिला संशय सत्संगवाल्यांवर गेला. समोरच्या सेक्टरात एका तळमजल्यावर दर गुरुवारी भजन चालायचं आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं तिथे गोळा व्हायची. मी एका गुरुवारी जाऊन मागे बसले, एकेकीच्या डोक्याचा वास घेता येईल अशा बेताने. जास्वंद कुठेच सापडलं नाही. भजन संपल्यावर मी त्यांच्यातल्या मुख्य बाईंना विचारलं, "आमच्या अण्णांना तुम्ही ओळखता का?"

त्यांनी डोळे मिटून बोट वर केलं. "तो सगळ्यांना ओळखतो, ताई."

"मी तुम्हाला विचारतेय," मी म्हटलं. त्यावर मला खडीसाखर मिळाली. ती मी खाल्ली नाही.

शेवटी एके दिवशी मी रजा टाकली. नेहमीसारखी पर्स घेऊन निघाले, खाली उतरले आणि किराणा दुकानाच्या कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरमागे थांबले. थोड्या वेळाने अण्णा आले. टोपी, हातात छत्री, चालीत कुठे घाई नाही की गोंधळ नाही. ते आमच्या बिल्डिंगीला वळसा घालून मागच्या रांगेत गेले.

आमच्या भागातल्या इमारती सगळ्या एका साच्यातल्या. तोच पिवळा रंग, तेच जिने, पत्रपेट्यांची तीच तुटकी दारं. नवी नवी राहायला आले तेव्हा मीसुद्धा एकदा भलत्याच बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर जाऊन कुलपाशी झटापट केली होती, आणि आतून बनियनवरचा एक गृहस्थ बाहेर आला होता. अण्णा मागच्या बिल्डिंगीत आमच्या घरासारखेच दुसऱ्या मजल्यावर गेले, डावीकडच्या दाराची बेल वाजवली आणि दार उघडलं गेलं. घरच्या माणसाला उघडतात तसं, काही न विचारता.

मी जिन्यात उभी राहून कानोसा घेतला. आत पाण्याचा आवाज, भांड्याचा आवाज. मग मला धीर धरवेना. मी बेल दाबली.

माझ्याहून वयाने मोठी अशी एक बाई दारात आली. पदर खोचलेला, हातात नेलकटर. तिच्या मागे अण्णा स्टुलावर बसले होते, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, हातात चहाची कपबशी. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे विझलेली मेणबत्ती. हे तेच अण्णा, ज्यांनी गावात उभा जन्म शेजारच्या घरचं पाणी पितानासुद्धा आधी जात विचारली. त्यांना हे कळलं तर, असं माझ्या मनात आलं. आणि दुसऱ्याच क्षणी, खरं सांगते, गंमतही वाटली.

"कोन पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"हे माझे वडील आहेत."

त्या दारातून हलल्या नाहीत. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. असं लोकांकडे मी बघते. माझ्याकडे कुणी बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

वडील आपलेच, हे दारात उभं राहून कसं सिद्ध करायचं? त्यांनी मान वळवली. "बाबा, या बाईला वळखता का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्यांशी हसतात तसं सभ्य हसले. "हो तर. ह्यांच्याकडेच असतो ना मी रात्रीचा."

बाईंनी मला आत घेतलं ते त्यानंतर. मी भिंतीला टेकून खालीच बसले. अण्णा गेले काही महिने मला नावाने हाक मारत नव्हते. मला वाटायचं, गाव सोडायला लावलं म्हणून रुसलेत.

बाई मराठवाड्यातल्या. मुलाला इकडे नोकरी लागली, म्हणून आलेल्या. पुन्हा अण्णांच्या पायाशी बसत त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आले अन् मलाच रागावले, दार उघडायला एवढा उशीर का केला म्हनून. चपला काढल्या, आत येऊन बसले, म्हनले चहा टाक. मला वाटलं चोरट्यांनी धाडलेला मानूस हाय, घर बघून जायला. मी आधी भांडी आत नेऊन ठेवली. मग त्यांच्या पायाकडं बघितलं. अशी वाकडी वाढलेली नखं. म्हनलं, घरच्यांनी हाकललेलं दिसतंय म्हाताऱ्याला. तेव्हापासून रोज यायलेत."

"मग चौकशी का नाही केली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"केली असती तर तुमच्याकडं पोचवावं लागलं असतं की. तुमी कशा, काय माहीत?"

माझ्या जागी त्या आणि त्यांच्या जागी मी असते, तरी हेच झालं असतं. तरी मी सुटल्यासारखी विचारत राहिले. यातून तुम्हाला काय मिळतं? ते तर म्हणतात, हे सगळं देवाने केलं.

"मलाबी म्हनतात. मी सांगितलं, बाबा, आमी देव मानत नाही. तर म्हनले, तू नको मानू, काम कर." त्या हसल्या आणि करंगळीचं नख कापलं. "माझा बाप गावाकडं वारला. शेवटी त्याला पानी कोनी पाजलं, मला ठाऊक नाही. कोनीतरी पाजलं असंलच की."

मी विचारलं, संध्याकाळी मग ते निघतात कसे, त्यांना माझं घर कसं सापडतं.

अण्णांकडे बघून बाईंनी आवाज खाली आणला. "चार-पाच वाजले की उठतात. मी म्हनते, थांबा की बाबा. तर म्हनतात, पुढल्या बिल्डिंगीत एक पोर एकटीच राहती, मास्तरीन हाय, तिचं कुनी नाही. देवानं सांगितलंय, रातच्याला तिच्याकडं थांबत जा. ती तुमीच ना?"

मी मान हलवली. मग मला रडू आलं, आणि परक्या बाईच्या घरात रडतेय याचा रागही आला. वडिलांनी मुलीला विसरावं आणि तिच्या काळजीने मात्र रोज दोन जिने चढून यावं, हे मला कुठल्याच खणात बसवता येईना. अण्णांनी कपबशी खाली ठेवली आणि बाईंना म्हणाले, "त्यांना चहा द्या. दमून येतात."

त्यानंतर अण्णा दुपारी तिथेच जाऊ लागले, आता माझ्या माहितीने. मी हिशेबाची गोष्ट काढली तेव्हा बाईंनी "मी काय कामवाली हाय का?" असं ठणकावलं आणि तो विषय संपला. देवाचा विषय मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्याला न मानणारी बाई त्याचं काम करत होती, आणि सगळं विसरलेला माणूस त्याचा निरोप तेवढा लक्षात ठेवून होता. माझ्या वर्गात असा कुणी असता, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. काम सगळं दुसऱ्यांकडून करून घेतोस आणि नाव स्वतःचं लावतोस? पण काम झालेलं होतं. नखं कापलेली होती.

दादाला मी यातलं काही कळवलं नाही. तोच एक दिवस न कळवता आला. मी शाळेतून परतले तर तो दारात उभा, पायाशी मोकळी बॅग, म्हणजे न्यायचं ठरवूनच आलेला, चेहरा लाल. किती तरी वेळ बेल वाजवत होता म्हणे.

"अण्णा कुठायत?"

"येतील आता."

"येतील? म्हणजे परत बाहेर गेलेत?" त्याने बॅग उचलून माझ्या हातात कोंबली. "त्यांचे कपडे भर. आजच्या आज. मला आता एक शब्द ऐकायचा नाही."

मी समजावू लागले, मागची बिल्डिंग, ती बाई, चहा. मी बोलत गेले तसा त्याचा आवाज वाढत गेला. तेवढ्यात जिन्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला. अण्णा वर आले. त्यांनी आधी दादाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या बॅगेकडे, मग माझ्या चेहऱ्याकडे. ते आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे, तोंड दादाकडे. छत्री दोन्ही हातांनी आडवी धरली.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं. "बाईमाणसाच्या दारात आवाज का चढवता? ही एकटी आहे असं समजू नका. मी असतो इथे."

दादाचं तोंड उघडं राहिलं. तो अण्णांकडे बघत राहिला, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे. सांगण्यासारखं सगळं त्याच्यासमोर उभं होतं. वृद्धाश्रमाचं नाव त्याने त्यानंतर कधी काढलं नाही, पण त्या वेळी तो फक्त एक पायरी खाली उतरला आणि घसा खाकरून म्हणाला, "काका, लांबून आलोय. पाणी मिळेल का?"

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग छत्री खाली न करता मला म्हणाले, "दे त्याला पाणी. पण दार उघडंच ठेव."